चिठ्ठीखाली नाव लिहा : स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांना खुलं पत्र

सर्व स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांना,

स. न. वि. वि.

हे पत्र एका टेबलामुळे लिहितेय. दुकानात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला ते मांडलं होतं. काळं कापड, त्यावर दहा-बारा पुस्तकं, प्रत्येक पुस्तक खाकी कागदात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं आणि वर लाल शाईत एकच वाक्य : ‘हे वाचू नका, असं कुणीतरी म्हणालंय.’ कल्पना झकास होती. कॉलेजची दोन मुलं फोटो काढत होती. मी दुकानदाराला विचारलं, “यातलं कुठलं घेऊ?” तो म्हणाला, “कुठलंही घ्या, सगळीच गाजलेली आहेत.” “पण तुम्ही यातलं कुठलं वाचलंय?” तेवढ्यात फोन वाजला. तो उचलताना त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती मला अजून आठवते.

त्याच दुकानात, चार पावलांवर, नव्या पुस्तकांचं शेल्फ होतं. तिथे एका कादंबरीखाली पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची चिठ्ठी टाचणीनं लावलेली. अक्षर गिचमिड, ‘खूप’चा ऊकार ऱ्हस्व. मजकूर असा : ‘पहिली चाळीस पानं रेंगाळतात. मी खुप वेळा बाजूला ठेवलं. मग धाकटी बहीण बोलायला लागते आणि पुस्तक पळत सुटतं. शेवटचं प्रकरण बसमध्ये वाचू नका, लोक बघतात.’ खाली नाव. लेखिकेचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, मुखपृष्ठ सुमार होतं, आणि ते पुस्तक मी घेतलं. खाकी कागदातलं एकही घेतलं नाही.

घरी येताना स्वतःचाच राग आला. काळ्या कापडावरची पुस्तकं मला हवी होती. कुणीतरी ‘वाचू नका’ म्हटलेलं पुस्तक वाचणं हा मी माझा हक्क समजते. मग हात का पुढे झाला नाही? कारण त्या टेबलावर पुस्तकं नव्हतीच, त्यांच्यावरचे आक्षेप मांडलेले होते. आत काय आहे हे सांगायला कुणी पुढे आलेलं नव्हतं. चिठ्ठीवाल्या पुस्तकाला मात्र कुणीतरी जामीन राहिलं होतं.

जामीन हा शब्द मी विचार करून वापरतेय. ज्याला माणूस माहीत आहे, त्यानंच जामीन राहावं. आणि माणूस पळाला तर जामिनाची मान अडकते. तुमच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी नेमकं हेच करते. पुस्तक वाईट निघालं तर गिऱ्हाईक परत येऊन तुम्हालाच बोल लावणार. म्हणून मी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवते, आणि ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ असं सांगणाऱ्या यंत्रावर ठेवत नाही. त्या यंत्राला कुणी काय विकत घेतलं एवढंच ठाऊक असतं. रात्री दोन वाजता दिवा न मालवता कुणी काय वाचलं, हे त्याला कुठून कळणार?

काळ्या टेबलाचा इतिहास मला माहीत आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या पुस्तकविक्रेत्यांच्या मेळ्यात, ॲनाहाइम शहरात, प्रवेशद्वारापाशी लोखंडी पिंजरे ठेवले होते. पिंजऱ्यांना कुलुपं आणि आत आक्षेप घेतलेली सुमारे पाचशे पुस्तकं. बंदी घातलेल्या पुस्तकांचा सप्ताह त्याच वर्षी सुरू झाला. तो पिंजरा जबरदस्त होता, कारण तो पाहणारे तुम्हीच होतात, पुस्तकं विकणारे. आपल्या मालाला कुलूप लागलं तर कसं दिसेल, हे तुम्हाला दाखवायचं होतं. आज तोच पिंजरा सुतळी आणि खाकी कागद होऊन गिऱ्हाइकापुढे येतो. गिऱ्हाईक फोटो काढतं आणि पुढे जातं. कुलूप दाखवून झालं. आता किल्ली दाखवा की.

नवं पुस्तक आणि आक्षेप घेतलेलं पुस्तक यांचं दुखणं दिसायला वेगळं, पण मुळात एकाच जातीचं आहे. नव्या पुस्तकाबद्दल कुणालाच काही माहीत नसतं. आक्षेपाच्या पुस्तकाबद्दल सगळ्यांना एकच गोष्ट माहीत असते, आणि ती बहुधा एका पानाबद्दल असते. दोघांनाही गरज असते ती पूर्ण वाचलेल्या एका माणसाची. अमेरिकन ग्रंथालय संघटनेनं ग्रंथालयांसाठी आक्षेपाच्या, म्हणजे ‘हे पुस्तक काढा’ असं सांगणाऱ्या, अर्जाचा एक नमुना केला आहे. तुम्ही हे साहित्य पूर्ण पाहिलं आहे का, नसेल तर कुठला भाग पाहिलात, असा साधासुधा प्रश्न त्यात आहे. मला तो प्रश्न फार आवडतो. त्यात आरोप नाही, उपहास नाही, आणि तरी त्याला उत्तर देताना बऱ्याच जणांची पेन्सिल थांबत असणार. याच संघटनेच्या मोजणीत २०२३ या एका वर्षात ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप आले, तिच्या नोंदींतला तोवरचा सर्वांत मोठा आकडा. इतकी पुस्तकं कोण पूर्ण वाचून आक्षेप घेत असेल? पण मग हाच प्रश्न काळ्या टेबलालाही विचारायला नको का? तुम्ही ही पुस्तकं पूर्ण वाचलीत का? नसतील तर कुठला भाग?

तुमचं उत्तर मला माहीत आहे : वेळ कुठे आहे. खोके फोडायचे, बिलं लावायची, परतीच्या बोलीवर आलेला माल मुदतीत परत पाठवायचा, वितरकाची उधारी, रविवारी मुलांचा कार्यक्रम. पुस्तकांच्या दुकानात सगळ्यांत कमी वेळ मिळतो तो वाचायला, हे तुमच्यापैकीच एकानं मला सांगितलंय आणि मला ते पटलंय. म्हणून सगळं वाचा असं मी म्हणत नाही. पाच वाचा. त्यातली तीन नवी, दोन आक्षेपाची. पाचांना चिठ्ठ्या लावा आणि बाकीच्यांवर काहीच लावू नका. मला त्या रिकाम्या जागांचाही आदर वाटेल.

आता थोडं कायद्याचं. या एका गोष्टीनं मला बरेच दिवस पछाडलंय.

१९५९ चा डिसेंबर. मुंबईत ‘हॅपी बुक स्टॉल’ नावाच्या दुकानात पोलिसांनी पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकानं डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीची काटछाट न केलेली प्रत विकत घेतली. दुकानाच्या चार भागीदारांवर खटला झाला. आरोपात तारीख आहे १२ डिसेंबर. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं लॉस एंजेलिसच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्याचा निकाल दिला. त्याच्या दुकानात एक अश्लील ठरवलेलं पुस्तक सापडलं होतं आणि शहराच्या नियमानुसार त्याला तीस दिवसांची कैद झाली होती. पुस्तकात काय आहे हे त्याला माहीत होतं की नाही, हा प्रश्न त्या नियमाला पडतच नव्हता. न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती ब्रेनन यांचं म्हणणं थोडक्यात असं : आतला मजकूर माहीत नसतानाही विक्रेत्याला तुरुंगात धाडायचं ठरवलं, तर तो स्वतः तपासलेली पुस्तकंच दुकानात ठेवील. अशानं फळ्या ओस पडतील, आणि भीतीपोटी एका दुकानदारानं केलेली काटछाट सगळ्या जनतेवर लादली जाईल.

मुंबईच्या खटल्यात साक्षीला कादंबरीकार मुल्कराज आनंद उभे राहिले. तरीही चौघांना प्रत्येकी वीस रुपये दंड झाला, न भरल्यास एक आठवडा साधी कैद. त्यांतले रणजित उदेशी वीस रुपयांच्या त्या दंडाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पुस्तकांची संख्या एवढी अफाट आहे की विक्रेत्याला प्रत्येकातला मजकूर माहीत असणं शक्य नाही, हा मुद्दा तिथेही मांडला गेला. ऑगस्ट १९६४ मध्ये न्यायालयानं शिक्षा कायम केली. न्यायालय म्हणालं, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली विक्रेत्याला अश्लीलतेची जाणीव होती हे सिद्ध करण्याची गरज नव्हती. जाणीव नव्हती म्हणून शिक्षा सौम्य होऊ शकत होती, गुन्हा मात्र टळत नव्हता.

दोन निकाल, दोन दिशा. दोन्ही वाचल्यावर मला एक विचित्र गोष्ट दिसली. जिथे कायदा विक्रेत्याशी बरा वागतो, तिथे त्याची ढाल कुठली? ‘मला माहीत नव्हतं.’ आणि तुमची चिठ्ठी काय म्हणते? ‘मी वाचलंय.’ चिठ्ठी लावणारा माणूस ती ढाल आपल्या हातानं खाली ठेवतो. गठ्ठा न उघडता विकणाऱ्यापेक्षा, वाचून मग हातात देणारा जास्त उघडा पडतो. टाचणीनं लावलेल्या त्या गिचमिड चिठ्ठीकडे मी आता पूर्वीसारखं गंमत म्हणून बघू शकत नाही.

तुमच्या शब्दाची किंमत सरकारांनाही चांगली कळते. टेक्ससमध्ये २०२३ साली कायदा झाला : शाळांना पुस्तकं विकायची असतील तर विक्रेत्यानंच प्रत्येक पुस्तक तपासून लैंगिक मजकुरानुसार त्याचं वर्गीकरण करायचं. तुमची प्रतवारी सरकारला पटली नाही तर तुम्ही ती बदलायची, नाहीतर शाळांचा धंदा सोडायचा. ऑस्टिन आणि ह्यूस्टन इथल्या दोन स्वतंत्र दुकानांनी, लेखक-प्रकाशकांच्या संघटनांना सोबत घेऊन, दावा लावला. जानेवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयानं अंमलबजावणीवरची मनाई कायम ठेवली. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला वाटेल, चिठ्ठी लिहिता तसा एक शिक्काही मारा, त्यात काय एवढं? पण चिठ्ठीतलं वाक्य तुमचं असतं, शिक्क्यावरचं वाक्य दुसऱ्याचं असतं आणि खाली सही तेवढी तुमची लागते. कोऱ्या कागदावर सही देऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

आणि जितकं बोलावं तितकंच काही बाबतींत तुम्ही गप्प राहावं, हेही या पत्रात म्हणायचंय. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात पोलिसांना एका घरात अमली पदार्थ बनवण्याचा कारखाना सापडला, त्यासंबंधीची दोन पुस्तकं सापडली आणि कचऱ्यात ‘टॅटर्ड कव्हर’ या दुकानाचं एक रिकामं पाकीट. त्या पाकिटातून काय गेलं, याची नोंद द्या, म्हणून पोलीस दुकानात आले. मालकीण जॉइस मेस्किस यांनी नकार दिला आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात नेलं. २००२ मध्ये त्या जिंकल्या. नंतर समजलं, पाकिटातलं पुस्तक जपानी लिपीसंबंधी होतं. मला या गोष्टीत सगळ्यांत आवडतं ते हे की त्या लढत असताना पाकिटात काय होतं यानं काहीच फरक पडत नव्हता.

हाँगकाँगच्या कॉजवे बे बुक्सची गोष्ट इतकी हलकी नाही. चीनच्या मुख्य भूमीवर मिळत नसलेली राजकीय पुस्तकं ते दुकान विकायचं. २०१५ च्या अखेरीस दुकानाशी आणि त्याच्या प्रकाशनाशी संबंधित पाच जण एकामागून एक बेपत्ता झाले. ते चीनच्या ताब्यात होते. व्यवस्थापक लॅम विंग-की २०१६ च्या जूनमध्ये परतले ते एका अटीवर : दुकानाच्या गिऱ्हाइकांची यादी असलेली हार्ड डिस्क घेऊन पुन्हा चीनला यायचं. ते परत गेले नाहीत. पत्रकारांसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. पुढे २०२० मध्ये त्यांनी तैपेईत त्याच नावाचं दुकान उघडलं.

हे लिहिताना मी पंख्याखाली खुर्चीत बसलेय आणि माझ्या नावानं कुठलंही दुकान नाही, याचं भान मला आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं. अमेरिकेत बर्कलीतल्या कोडीज बुक्स या दुकानाचं तर शब्दशः जळलं होतं. फेब्रुवारी १९८९ मध्ये, सलमान रश्दींच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीवरून जगभर वादळ उठलेलं असताना, त्या दुकानावर पेट्रोल बॉम्ब पडला. सफाई करताना एक न फुटलेला बॉम्बही सापडला. मोठ्या साखळी दुकानांनी त्याआधीच कादंबरी शेल्फवरून उतरवली होती. कोडीजच्या कर्मचाऱ्यांनी बैठक घेतली, मत घेतलं आणि विक्री चालू ठेवायचं एकमतानं ठरवलं. तुम्ही सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणणार नाही. दुकानात कामाला मुलं असतात, वर घरमालक असतो, काच एकदा फुटली की पुन्हा बसवायला पैसे लागतात. चिठ्ठी लावणं शक्य नसेल तिथे लावू नका. हळूच विचारणाऱ्याला हळूच सांगा.

फक्त एक करू नका. पुस्तक न मागवता ‘आउट ऑफ प्रिंट आहे’ असं सांगू नका. हे माझ्या बाबतीत घडलंय. मी तीन महिने तेच समजून बसले होते, आणि मग दुसऱ्या शहरात तेच पुस्तक, ताजी आवृत्ती, समोर उभं. त्या दुकानदाराची भीती मी समजू शकते, खोटं बोलणं नाही. ग्रंथालयात कुणी आक्षेप घेतला तर अर्ज होतो, बैठक होते, कुठेतरी नोंद राहते, कुणी भांडायला उभं राहू शकतं. तुम्ही मागवलंच नाही तर काहीच राहत नाही. फळीवर दुसरं पुस्तक सरकतं आणि फट भरून जाते. ‘मला ठेवायचं नाही’ एवढं स्पष्ट सांगितलंत तरी मी दुसरीकडे शोधीन आणि पुढच्या वेळी दुसऱ्या पुस्तकासाठी तुमच्याकडेच येईन.

आता थोडं उलट्या बाजूनं. आक्षेप घेतलेलं प्रत्येक पुस्तक चांगलं असतं, हा समज तुमच्या काळ्या टेबलानं पसरवलाय आणि तो मोडायला हवा. त्यांतली काही अगदी ठोकळेबाज आहेत. मी वाचलीत. नुसत्या बंदीच्या जिवावर तरंगणाऱ्या पुस्तकाला तुम्ही ‘धाडसी’ म्हणून विकलंत, की पुढच्या खऱ्या धाडसी पुस्तकाचा गळा तुम्हीच दाबता. चिठ्ठीत लिहा ना : ‘ज्या प्रकरणावरून गदारोळ झाला ते सगळ्यांत कच्चं आहे. त्याच्या आधीची शंभर पानं सोन्यासारखी.’ असं वाचलं की मी डोळे मिटून पैसे काढीन.

आणि जो आक्षेप घेतो, तोही कधीतरी तुमचं गिऱ्हाईक असतो. एकदा काउंटरशी एक बाई बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीच्या हातात एक पुस्तक, आईच्या कपाळावर आठ्या. “यात ते तसलं आहे ना?” दुकानातल्या मुलीनं पुस्तक हातात घेतलं आणि शांतपणे सांगितलं, “आहे. दोन ठिकाणी. एका ठिकाणी मुलीवर जबरदस्ती होते, आणि ती ते कुणाला सांगते, कुणाला सांगू शकत नाही, यावर पुढचं अर्धं पुस्तक आहे. मी पंधराव्या वर्षी वाचलं. तुम्ही आधी वाचा, मग दोघी बोला.” त्या बाईंनी ते घेतलं की नाही ते मी पाहिलं नाही, मी मुद्दाम दुसऱ्या शेल्फकडे वळले. पण तिनं काही लपवलं नाही, प्रवचन दिलं नाही, आणि आईला मूर्खही ठरवलं नाही. आपल्या मुलीनं काय वाचावं, याची काळजी करायचा त्या आईला पूर्ण हक्क आहे. दुसऱ्यांच्या मुलींसाठी ते पुस्तक फळीवरून काढायला लावायचा मात्र नाही. त्या दुकानातली ती मुलगी दोन्ही गोष्टी एका मिनिटात सांभाळत होती, पगार बहुधा फार नसणार.

तर मागणं एवढंच आहे. ते काळं कापड काढा. आक्षेपाची पुस्तकं इतर पुस्तकांमध्ये आपापल्या जागी ठेवा, कादंबरी कादंबऱ्यांत, चरित्र चरित्रांत. शेजारी कालच आलेलं, कुणी नाव न ऐकलेलं पुस्तक असू द्या. ज्यांना जामीन राहता येईल, त्यांच्याखाली चिठ्ठी लावा आणि चिठ्ठीखाली स्वतःचं नाव लिहा. शुद्धलेखन तपासायची गरज नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
काउंटरशी रेंगाळणारी एक वाचक

ता. क. : त्या कादंबरीची पहिली चाळीस पानं मला अजिबात रेंगाळलेली वाटली नाहीत. उलट धाकटी बहीण बोलायला लागल्यावरच पुस्तक बिघडतं असं माझं ठाम मत झालंय. चिठ्ठी कुणी लिहिली ते खालच्या नावावरून माहीत आहे. शनिवारी दुपारी भांडायला येतेय, त्या माणसाला सुटी देऊ नका.